चार इंची ग्राइंडरला पाच इंची डिस्क: आरपीएम जुळतो, मग अडतंय कुठे?

कोरी_पाटी:
मंडळी, शंका सरळ आहे. चार इंची ग्राइंडरवर ११,००० आरपीएम (मिनिटाला फेरे) छापलंय. पाच इंची म्हणजे १२५ मिमी कटिंग डिस्कवर कमाल १२,२०० छापलंय. म्हणजे डिस्कला मशीनचा वेग झेपतो. फक्त गार्ड काढावा लागतो, आणि डिस्कचं भोक मोठं असतं म्हणून मध्ये बुश घालावा लागतो. बदल्यात जाड पाइप एका दमात कापून होतो. जो तो "करू नका" म्हणतो, "का" कोणी सांगत नाही. मला कारण हवंय, दटावणी नको.
त्याच ओघात कार्बन (मोटरला वीज पोचवणारे ब्रश), ग्रीस, वायर यांवर कोणाला लिहायचं असेल तर इथेच लिहा, सगळं एका जागी राहील.

ठिणगी:
खुर्ची ओढून बसलोय. आता कानस येणार आणि गणित मांडणार.

कानस:
आलोच. आरपीएमचा तुमचा हिशेब चुकलेला नाही, अर्धा राहिलाय.

डिस्कवर ताण येतो तो तिच्या कडेच्या वेगामुळे. हातात धरायच्या ग्राइंडरच्या बहुतेक रेझिन डिस्क ८० मीटर प्रति सेकंद एवढ्या कडेच्या वेगासाठी बनवलेल्या असतात. छापील आकडे त्यावरूनच निघतात: १०० मिमीला साधारण १५,३००, ११५ ला १३,३००, १२५ ला १२,२००, १८० ला ८,५०० आणि २३० ला ६,६५०. मीटरमधला व्यास गुणिले पाय (३.१४) गुणिले आरपीएम, भागिले ६०. कोणीही पडताळून बघावं.

आता तुमचं मशीन. ११,००० वर १०० मिमी डिस्कची कड सेकंदाला ५७.६ मीटर पळते, १२५ ची ७२ मीटर, म्हणजे ताशी जवळपास २६० किलोमीटर. तुकडा उडाला तर त्याचा मार वेगाच्या वर्गाने वाढतो. सारख्याच वजनाचा तुकडा दीडपटीहून जास्त जोराने येतो, आणि नेमका तेव्हाच गार्ड जागेवर नसतो. इथे पहिली गोची.

दुसरी गोची बुशची. चार इंची मशीनचा स्पिंडल बहुतेक १० मिमी आट्याचा आणि डिस्कचं भोक १६ मिमी. पाच इंची डिस्कचं भोक २२.२३ मिमी. डिस्क केंद्रात राहते ती नटामुळे नाही, खालच्या फ्लँजच्या (डिस्क जिच्यावर बसते त्या चकतीच्या) उंचवट्यामुळे. बुश अर्धा मिमी जरी इकडेतिकडे झाला तरी डिस्क केंद्र सोडून फिरते. हाताला थरथर लागते ती त्याचीच, आणि गिअरच्या बाजूचं बेअरिंग त्यातच जातं. शिवाय छोट्या मशीनचा फ्लँज छोटा, मोठ्या डिस्कला पकड कमी.

तिसरी गोची जोराची. कड केंद्रापासून जितकी लांब, तितकी तीच ओढ मोटरला जड पडते. १०० वरून १२५ म्हणजे २५ टक्के जास्त. मशीन कापात बसायला लागतं, माणूस आणखी दाबतो, डिस्क फटीत तिरकी होते आणि उलटा झटका बसतो.

भुसा:
गणित मान्य. पण गार्डबद्दल इतकी हळवी भूमिका नको. गार्ड असला की रेघ दिसत नाही, कोपऱ्यात मशीन जात नाही. हात बसलेली माणसं गार्ड काढूनच काम करतात हे सगळ्यांना माहीत आहे.

कानस:
@भुसा, रेघ दिसत नाही कारण गार्ड कारखान्यातून आला त्याच कोनात वर्षभर राहतो. तो फिरवायला असतो. खटक्याचा असेल तर खटका दाबून, स्क्रूचा असेल तर स्क्रू अर्धा फेरा सैल करून फिरवा. बंद बाजू आपल्याकडे, उघडी बाजू कामाकडे, ठिणग्या अंगापासून लांब जातील असा. प्रत्येक नव्या कापाला वीस सेकंद लागतात. आणि कापायचा गार्ड वेगळा असतो, घासायचा वेगळा. घासायच्या गार्डला खालची बाजू उघडी असते. कटिंग डिस्कला दोन्ही बाजू झाकणारा गार्ड हवा, कारण पातळ डिस्क फुटली की तुकडे खालूनही निघतात.
कोपऱ्यात जात नसेल तर ते काम ग्राइंडरचं नाही. मल्टिटूल, कानस (माझी जाहिरात नाही) किंवा हॅकसॉ पातं.

भुसा:
फिरवता येतो हे ठाऊक आहे हो. पण स्क्रूवाला गार्ड दोन महिन्यांत गंजतो आणि जागचा हलत नाही, हे पण लिहा.

ठिणगी:
त्यावर उपाय आहे, महिन्यातून एकदा फिरवायचा. गंजही कंटाळतो.

अर्धासूत:
मूळ प्रश्नाचा उलटा भाऊ याहून जास्त घातक आहे. २३० मिमीची डिस्क झिजून ११५ ची झाली की "अजून मटेरियल शिल्लक आहे" म्हणून छोट्या मशीनला चढवतात. तिच्यावर ६,६५० छापलंय, मशीन ११,००० चं. छापील हद्दीच्या दीडपटीहून जास्त.

कोरी_पाटी:
थांबा, पण कानस यांच्याच सूत्राने ११५ मिमी × ११,००० म्हणजे ६६ मीटर प्रति सेकंद येतात. ८० च्या आतच की!

अर्धासूत:
शाब्बास, गणित बरोबर आहे, निष्कर्ष नाही. ८० चा आकडा कोऱ्या, सरळ, कोरड्या डिस्कसाठी आहे. शिल्लक उरलेल्या तुकड्याने काय काय सोसलंय ते वरून दिसत नाही: उष्णतेने कच्चं झालेलं रेझिन, कडेला सुटलेली काचतंतूंची जाळी, एका बाजूने जास्त झालेली झीज. शिवाय मोठ्या मशीनच्या फ्लँजने दाबलेला भाग वेगळा आणि छोट्याचा वेगळा. म्हणून मोठ्या मशीनची झिजलेली डिस्क छोट्याला लावू नका असं मशीनच्या माहितीपुस्तिकेत स्पष्ट छापलेलं असतं. सूत्र हे डिस्क नाकारायला वापरायचं. पास करायला छापील आकडाच लागतो.

आणि डिस्क कोरी असली तरी मधली धातूची रिंग वाचा. त्यावर महिना आणि वर्ष असतं, ती मुदत संपायची तारीख. रेझिन डिस्कची मुदत बनवल्यापासून साधारण ३ वर्षं. ओल लागली की रेझिन त्याआधीच जातं. उभ्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या पातळ डिस्क वाकतात, सपाट ठेवा.

शिकंजा:
नवी डिस्क लावली की किमान अर्धा मिनिट, शक्यतो एक मिनिट, रिकामी फिरवायची. अंगाच्या रेषेत न धरता बाजूला, समोर कोणी नाही बघून. थरथर आली तर लगेच बंद. आणि डिस्क हातातून पडली असेल तर ती टाकायची, "बघू चालतेय का" नाही.

बिनआवाजी:
डिस्क टिचकी मारून वाजवून बघतात ना? टणक आवाज आला की चांगली.

कानस:
ती परीक्षा बेंच ग्राइंडरच्या दगडासाठी, म्हणजे भट्टीत भाजलेल्या चाकासाठी. दगड बोटावर किंवा पेन्सिलीवर लटकवायचा, लाकडी मुठीने हळूच ठोकायचा. खणखणीत नाद आला तर बरा, भद्द आवाज आला तर तडा. रेझिन डिस्क कशीही असली तरी भद्दच वाजते, तिला ही परीक्षा लागू नाही.
बेंच ग्राइंडरचा विषय निघालाच आहे तर: टेकू आणि दगड यांतली फट ३ मिमीच्या वर जाऊ द्यायची नाही, वरच्या जिभेची (दगडावरच्या झाकणाला असलेल्या सरकत्या पट्टीची) फट ६ मिमीच्या वर नाही. दगड झिजेल तसं दोन्ही पुढे घ्यायचं. ॲल्युमिनियम त्यावर घासू नका, दगडाची छिद्रं बुजतात, दगड तापतो आणि तडकू शकतो.

अर्धासूत:
३ मिमी म्हणजे एक सूत, ६ म्हणजे दोन सूत. माझ्या नावाने कोणी फट ठेवली तर आणखी उत्तम.

रंधा:
लाकूडवाल्यांकडून भर. ग्राइंडरला लाकडाचं दातेरी पातं लावणं हे मूळ प्रश्नापेक्षा दहापट वाईट. गोल करवत साधारण ५,००० आरपीएमला फिरते, खाली बैठक असते, पातं झाकणारा खालचा गार्ड स्प्रिंगने आपोआप मिटतो. ग्राइंडरला यातलं काही नाही आणि वेग दुप्पट. दाता गाठीत रुतला की डिस्कसारखा झिजून सुटत नाही, अख्खं मशीन उडवतो. शिवाय स्विच सरकवून अडकणारा असतो, हातातून सुटलं तरी चालूच.

गोल करवतीचे तीन नियम. पात्याची खोली लाकडाच्या जाडीपेक्षा एक दाताएवढीच जास्त, फार तर ६ मिमी. खालचा गार्ड दोरीने किंवा पाचरीने उघडा बांधून ठेवायचा नाही. आणि तुटणारा तुकडा मोकळा पडला पाहिजे. फळी दोन स्टुलांवर ठेवून मधोमध कापली की वजनाने मध्ये झोळ येतो, फट वरून मिटते, पातं चिमटतं आणि करवत मागे येते. फळीखाली आडवी पट्टी घाला, आणि काप टेकूच्या बाहेर घ्या.

भुसा:
हे मात्र शंभर टक्के मान्य. पाइपलाही तेच लागू. दोन्ही टोकं टेकलेली असतील तर मधला काप शेवटच्या दोन मिलिमीटरला डिस्क गिळतोच.

शिकंजा:
कापायची दिशाही बघा. मशीन आपोआप पुढे पळायला लागलं तर दिशा उलटी आहे. हाताने हलकं ढकलावं लागतंय ती बरोबर. पातळ डिस्कने बाजूने घासायचं नाही, १ ते ३ मिमी जाडी बाजूचा दाब सोसत नाही. घासायला ६ मिमीची वेगळी डिस्क, १५ ते ३० अंशांत.

बिनआवाजी:
विषयांतर आहे, पण दोन प्रश्न. हातमोजे घालायचे का नाही? आणि माझ्या टोपणनावाला शोभेल असं, कानांचं काय?

ठिणगी:
हातमोजे या शब्दावर शंभर प्रतिसादांचे धागे झालेत. सावध राहा.

शिकंजा:
वाद मशीन न सांगता होतो म्हणून लांबतो. उभ्या ड्रिल प्रेसवर, लेथवर: मोजे नाहीत, कारण बीट कापड गुंडाळतं आणि हात आत खेचतं. लांब बाह्या, ओढणी, गळ्यातली दोरी हेही त्यात आलं. ग्राइंडरवर: घट्ट बसणारे चामड्याचे मोजे चालतात, विणलेले सुती नाहीत, कारण त्यांचे धागे सुटतात.
कानांचं असं: ८५ डेसिबलला आठ तास ही सर्वसाधारण मर्यादा धरली आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा केला, तर १०० डेसिबलला पंधरा मिनिटं उरतात. ग्राइंडर धातू कापताना त्या घरात जातो. म्हणजे दोन खिडक्यांच्या जाळ्या होईतो दिवसाचा कोटा संपला. प्लग किंवा मफ लावा. चष्मा नुसता पुरत नाही, बंद गॉगल आणि त्यावर फेसशील्ड. फरशी, विटा, काँक्रीट असेल तर सिलिकाची धूळ फुप्फुसात कायमची बसते. पाण्याचा शिडकावा त्यासाठीच बनवलेल्या मशीनवरच, नाहीतर धूळ ओढणारं व्हॅक्युम आणि मास्क. साध्या कापडी फडक्याने बारीक कण अडत नाहीत.

वीजमापक:
पाणी निघालंच आहे. मशीनवर चौकोनात चौकोन असं चिन्ह असेल तर ते दुहेरी इन्सुलेशनचं, त्याला अर्थिंगची तिसरी तार नसतेच. पण दुहेरी इन्सुलेशन हे कोरड्या मशीनचं संरक्षण आहे. आत पाणी गेलं की वरचं चिन्ह नुसतं चित्र. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आधी, आणि त्याचं टेस्ट बटण अधूनमधून दाबून बघा. एक लक्षात ठेवा: एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल आला तर आरसीसीबीला ते मशीनसारखंच दिसतं, तो पडत नाही.

एक्स्टेन्शनबद्दल: ३० मीटर लांबी म्हणजे जाऊन येऊन ६० मीटर तांबं. १.५ चौ. मिमी तारेचा रोध साधारण ०.७३ ओहम, ०.७५ चौ. मिमीचा दुप्पट, दीड ओहम. २३० व्होल्टवर २,२०० वॉटचं मशीन साधारण ९.६ अँपिअर घेतं. पातळ तारेत १४ व्होल्ट वाटेतच गेले आणि १४० वॉटच्या आसपास उष्णता तारेतच जमली. गुंडाळीवरची तार असेल तर ती बाहेर पडायला जागाच नाही, प्लास्टिक वितळतं. म्हणून पूर्ण उलगडायची, काम पाच मिनिटांचं असलं तरी.

भुसा:
आणि व्होल्टेज कमी मिळालं की मोटर जास्त करंट खेचते, आर्मेचर (मोटरचा फिरणारा गाभा) जळतं.

वीजमापक:
हा समज फ्रिज-पंपावरून आलाय. ग्राइंडर-ड्रिलची कार्बनवाली मोटर वेगळी. व्होल्टेज पडलं की तिचा वेग आणि जोर दोन्ही पडतात. मग आपण तोच काप त्याच वेगाने व्हावा म्हणून जास्त दाबतो, करंट तेव्हा वाढतो. त्यात वेग कमी म्हणून पंखा कमी वारा देतो. आर्मेचर जळतं खरं, पण हाताच्या जोराने. म्हणूनच जड कामानंतर मशीन लगेच खाली ठेवू नका, अर्धा-एक मिनिट रिकामं फिरवा, आतली उष्णता निघून जाते.

कोरी_पाटी:
हे फारच उपयोगी. कार्बनचं कोणी सांगेल का? ठिणग्या किती दिसल्या म्हणजे बदलायचे?

अर्धासूत:
कार्बनजवळ बारीक निळसर ठिणग्या नॉर्मल. कम्युटेटरभोवती (कार्बन ज्यावर घासतो त्या तांब्याच्या पट्ट्यांच्या गोलाभोवती) पूर्ण गोल नारिंगी वलय दिसलं तर मशीन थांबवा, ते कार्बनच्या पलीकडचं, बहुतेक आर्मेचरच्या गुंडाळीचं दुखणं. मधल्या अवस्थेत, म्हणजे मशीन हलवलं की चालू-बंद होतं, जोर कमी झालाय, तेव्हा कार्बन काढून बघा.

पद्धत: प्लग काढा. टोप्या उघडताना अंगठा वर ठेवा, स्प्रिंग उडते. कार्बनवर झिजेची रेघ असेल तर तिथवर, नसेल तर ५-६ मिमी उरला की बदला. नेहमी जोडीने, एक जुना एक नवा नाही. जुनेच परत घालायचे असतील तर ज्या बाजूचा होता तिकडेच आणि त्याच तोंडाने, त्याला कम्युटेटरची गोलाई आलेली असते. नवा कार्बन खोबणीत स्वतःच्या वजनाने सरकला पाहिजे. मापाचा नाही म्हणून कानशीने घासून बसवला की तो अडकतो, आणि अडकलेला कार्बन ठिणग्यांनी तांबं खातो. नंतर ५ मिनिटं रिकामं फिरवा, टोक गोलाईत बसेल.

कम्युटेटर काळा पडला असेल तर पेन्सिलचं खोडरबर किंवा अगदी बारीक काचेचा पॉलिशपेपर. एमरी नको, तिची पूड पट्ट्यांमधल्या फटीत बसून शॉर्ट करू शकते. पट्ट्यांमधली खाच कार्बनच्या पुडीने भरली असेल तर लाकडी काडीने साफ.

कानस:
ग्रीसचं मी सांगतो. गिअरकेस काठोकाठ भरू नये. साधारण एक तृतीयांश, लिथियम ग्रीस, गिअर बुडेल एवढं. जास्त भरलं की तापून पातळ होतं, बेअरिंगमधून आर्मेचरकडे जातं आणि कार्बनवर चिकटतं. मशीन उघडलं की जुनं ग्रीस पूर्ण पुसा, त्यात गिअरची चांदीसारखी पूड असते. बेअरिंग घेताना रबर सीलचं घ्या, पत्र्याच्या झाकणातून बारीक धूळ जाते. शाफ्टवर बसवताना आतल्या कड्यावर पाइप टेकवून ठोका, बाहेरच्या कड्यावर ठोकलं तर गोळ्यांचे खड्डे पडतात आणि नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून गुणगुणतं.

बिनआवाजी:
बॅटरीवाल्यांना कोणी विचारतच नाही. १८ व्होल्ट आणि २० व्होल्टमध्ये जोर किती जास्त?

वीजमापक:
बहुतेक वेळा शून्य. दोन्हीत पाच सेल एकामागे एक. ३.६ ने गुणलं की १८, पूर्ण चार्ज ४.२ ने गुणलं की २१. २० हा मधला गोड आकडा.
काळजी एवढीच: पातं किंवा बीट बदलताना बॅटरी काढा, ट्रिगर लॉक पुरेसा नाही. तापलेली बॅटरी लगेच चार्जरला नको, शून्य अंशाखाली चार्जिंग नको. महिनोन्महिने पडून राहणार असेल तर अर्धी चार्ज ठेवा, पूर्ण रिकामी नाही. आणि खिळ्यांच्या डब्यात सुटी टाकू नका. दोन पिनांवर आडवा पडलेला एक खिळा पुरतो.

रंधा:
ड्रिल राहिलं. पोलादात हाय-स्पीड स्टीलच्या बीटसाठी ८,००० भागिले मिमीतला व्यास, साधारण तेवढे आरपीएम. १० मिमीला ८००, ५ मिमीला १,६००. स्टेनलेसला निम्म्याहून कमी वेग आणि ठाम दाब. घासत बसलात तर पृष्ठभाग कडक होतो, मग बीटच जळतं. चक (बीट धरणारा जबडा) तिन्ही भोकांत चावी घालून आवळा. आरपार जायच्या वेळी दाब कमी करा, शेवटच्या मिलिमीटरला बीट पत्रा उचलतं आणि फिरवतं. पत्रा हाताने धरायचा नाही, शिकंज्यात.

शिकंजा:
बोलावलंत?

कोरी_पाटी:
बुश आता कचऱ्यातच जाणार. जाड पाइपसाठी उपाय मिळाला: चारही बाजूंनी रेघ मारून, पाइप फिरवत फिरवत १०० मिमीच्याच डिस्कने कापायचा. एकच अडचण, आधीची पाच इंची डिस्क अजून मशीनवर आहे आणि नट जाम आहे. पान्ह्याने हलत नाही. लॉक बटण दाबून हातोडी मारू का?

कानस:
नको! लॉकची पिन बारीक असते, तुटते, नाहीतर गिअरकेसचं ॲल्युमिनियम तडकतं. प्लग काढा, गॉगल लावा. डिस्कच पक्कडीने कडेपासून तुकडे तुकडे तोडत फ्लँजपर्यंत या. मग फ्लँज आणि नटाच्या मध्ये उरलेलं कडं बारीक स्क्रूड्रायव्हरने टोकरून काढा. चिमटलेला भाग निघाला की ताण जातो, नट बोटांनी सुटतो. पुढच्या वेळी डिस्कवरचं कागदी लेबल उपटू नका आणि नट हाताने आवळून पान्ह्याने फक्त जरासा. फिरताना तो स्वतःच आवळत जातो.

कोरी_पाटी:
निघाला! खालच्या फ्लँजच्या उंचवट्यावर एका बाजूने चमकदार घासल्याची खूण आहे. बुश तिथेच घासत होता वाटतं.

अर्धासूत:
फ्लँजही बदला. त्या बाजूने तो आता अर्धा सूत झिजलाय.